गुरूच्या वादळांचे बळ

लग्न जुळवताना मुलीला गुरुबळ आहे की नाही हे पाहणारी घरे आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्या बळाविषयी ज्योतिषीबुवांनी बोलावे. आज आपण बोलणार आहोत ते गुरूच्या स्वतःच्या अंगच्या बळाविषयी. ते कुंडलीत मांडता येत नाही, पण दुर्बिणीतून दिसते आणि यंत्रांनी मोजताही येते.

आकाशात गुरू उगवलेला असला की तो ओळखायला फारसे कष्ट पडत नाहीत. पिवळसर पांढरा, ठळक, न लुकलुकणारा. शुक्र सोडला तर ग्रहांमध्ये सहसा हाच सर्वांत तेजस्वी. पाहताना वाटते, किती शांत, किती गंभीर ग्रह आहे! नावाप्रमाणे अगदी गुरुजीच! पण एखाद्या बऱ्यापैकी दुर्बिणीतून पाहा. त्याच्या अंगावर फिकट आणि तपकिरी पट्टे दिसतात. हे पट्टे म्हणजे आलटून पालटून पूर्वेकडे आणि पश्चिमेकडे वाहणाऱ्या वाऱ्यांच्या वाटा आहेत. ते वारे साधेसुधे नाहीत, ताशी शेकडो किलोमीटर वेगाने धावणारे आहेत. आणि त्या पट्ट्यांच्या मध्ये, गुरूच्या दक्षिण गोलार्धात, एक लालसर अंडाकृती डाग आहे. त्याची लांबी आजही पृथ्वीच्या व्यासाहून जास्त आहे. १८७८ सालापासून खगोलशास्त्रज्ञ त्याच्यावर अखंड नजर ठेवून आहेत. हा डाग म्हणजे एक प्रचंड वादळ आहे. ते सहाएक दिवसांत स्वतःभोवती एक फेरी पूर्ण करते आणि त्याच्या कडेला वारा ताशी ४०० किलोमीटरहून अधिक वेगाने वाहतो.

आता आपल्याकडच्या वादळाशी याची तुलना करून पाहा. २९ ऑक्टोबर १९९९ रोजी ओडिशाच्या किनाऱ्यावर जे महाचक्रीवादळ आदळले, त्यातल्या वाऱ्याचा वेग ताशी २६० किलोमीटरच्या घरात होता. सुमारे १०,००० माणसे त्यात मृत्युमुखी पडली. गावेच्या गावे वाहून गेली. इतके भयंकर ते वादळ, पण जमिनीवर आल्यावर काही दिवसांतच त्याचा दम सुटला. पृथ्वीवरचे कोणतेही चक्रीवादळ फार तर काही आठवडे जगते. मग गुरूवरचे वादळ दीडशे वर्षे कसे जगते? त्याला खायला घालते कोण?

सूर्य पुरा पडत नाही

वादळ म्हणजे हालचाल, आणि हालचालीला ऊर्जा लागते. पृथ्वीवर ही ऊर्जा देतो सूर्य. विषुववृत्तावर ऊन जास्त, ध्रुवांवर कमी. एकीकडे तापलेले, दुसरीकडे थंड. हा फरक भरून काढण्यासाठी हवा वाहते, आणि पृथ्वी फिरत असल्यामुळे ती वाहता वाहता वळते. आपले मोसमी वारे, पश्चिमी वारे, चक्रीवादळे ही सारी या एका व्यवहाराची लेकरे.

हाच नियम गुरूला लावून पाहू. गुरू सूर्यापासून आपल्यापेक्षा ५.२ पट दूर आहे. अंतर वाढले की ऊन अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होते. म्हणजे गुरूवर पडणारे ऊन आपल्या उन्हाच्या सत्ताविसावा हिस्सा. पृथ्वीजवळ सूर्यकिरणांच्या समोर धरलेल्या एक चौरस मीटर पत्र्यावर सुमारे १,३६० वॅट ऊर्जा पडते, गुरूजवळ जेमतेम ५०. त्यातही दिवस-रात्र, ग्रहाची गोलाई आणि ढगांवरून परतणारा प्रकाश यांचा हिशेब केला, तर सरासरीने गुरूच्या वाट्याला चौरस मीटरमागे सहा-सात वॅटच उरतात. पृथ्वीला अशाच हिशेबाने सुमारे २४० वॅट मिळतात.

शिवाय आणखी एक गोष्ट. १९७३ आणि १९७४ साली ‘पायोनियर १०’ आणि ‘पायोनियर ११’ ही अमेरिकन याने गुरूजवळून गेली. त्यांनी गुरूचे तापमान मोजले तेव्हा दिसले की त्याचे विषुववृत्त आणि त्याचे ध्रुव, दोन्हीकडचे ढगांच्या माथ्यावरचे तापमान जवळजवळ सारखेच आहे. म्हणजे पृथ्वीवर ज्या फरकाच्या जोरावर वारे वाहतात, तो फरक तिथे नावालाच. मग इतक्या थोड्या उन्हात एवढा धिंगाणा चालतो कशावर?

जन्मापासूनची शिदोरी

उत्तराची पहिली खूण विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सापडली. गुरूकडून येणारे अवरक्त किरण, म्हणजे उष्णतेचे डोळ्यांना न दिसणारे किरण, मोजले गेले. हिशेब जुळेना. गुरू सूर्याकडून जेवढी उष्णता घेतो त्यापेक्षा बरीच जास्त उष्णता अवकाशात सोडतो, असे निघाले. ‘कॅसिनी’ यानाने गुरूजवळून जाताना घेतलेल्या मापांचा २०१८ साली पुन्हा हिशेब झाला. त्याप्रमाणे गुरूच्या पोटातून दर चौरस मीटरमागे सुमारे ७.५ वॅट उष्णता बाहेर येते. म्हणजे सूर्याकडून मिळणारी आणि घरची, अशी मिळून त्याची मिळकत दुप्पट होते.

साडेसात वॅट म्हणजे रात्रभर जळणाऱ्या लहानशा दिव्याएवढी उष्णता. ऐकायला काहीच नाही. पण पृथ्वीच्या पोटातून, सगळे ज्वालामुखी आणि गरम पाण्याचे झरे जमेस धरूनही, चौरस मीटरमागे सरासरी ०.१ वॅटसुद्धा बाहेर येत नाही, हे लक्षात घ्या.

ही उष्णता कुठली? गुरूच्या पोटात सूर्यासारखी अणुभट्टी पेटलेली नाही. त्यासाठी लागणारे वजन त्याच्याजवळ नाही, जरी तो पृथ्वीच्या ३१८ पट जड असला तरी. ही उष्णता आहे त्याच्या जन्माची. साडेचार अब्ज वर्षांपूर्वी सूर्याभोवतीचा वायू आणि धूळ एकत्र येऊन गुरू बनला. दूरवरून चहूबाजूंनी वायू त्याच्यावर कोसळत होता. उंचावरून पडलेली वस्तू जमिनीवर आदळली की तिच्या पडण्यातली शक्ती उष्णतेत बदलते. गुरूच्या बाबतीत हे अफाट प्रमाणावर घडले. ती धग अजून निवलेली नाही. ग्रह निवताना अतिशय सावकाश आकसतो आणि आकसताना पुन्हा थोडी उष्णता निर्माण होते. गुरूच्या गाभ्याशी आजही तापमान २०,००० अंशांच्या घरात असावे असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

शनीचेही असेच आहे. तोही सूर्याकडून घेतो त्याच्या दुपटीच्या आसपास उष्णता बाहेर टाकतो. त्याच्या पोटात आणखी एक गंमत चालते. तिथल्या प्रचंड दाबाखाली हायड्रोजनमध्ये मिसळलेला हेलियम वेगळा होतो आणि त्याचे थेंब केंद्राकडे पडत राहतात. हा हेलियमचा पाऊस पडतानाही उष्णता सुटते.

तेव्हा चित्र असे उभे राहते. पृथ्वीच्या हवेला उष्णता बाहेरून, सूर्याकडून येते. गुरूच्या हवेला अर्धी वरून येते आणि अर्धी खालून. चुलीवर ठेवलेल्या आमटीच्या पातेल्यात खालची तापलेली आमटी वर येते, वर निवते आणि कडेने खाली जाते. गुरू म्हणजे असेच एक पातेले. फक्त त्याचा व्यास सुमारे १,४३,००० किलोमीटर आहे आणि ते दहा तासांपेक्षाही कमी वेळात स्वतःभोवती गरकन फिरते. त्या गतीमुळे विषुववृत्तावरचे ढग ताशी ४५,००० किलोमीटर वेगाने गोल फिरत असतात. वर येणारा वायू सरळ पसरूच शकत नाही. तो वळतो, भोवऱ्यात अडकतो आणि पट्ट्यांत ओढला जातो.

अठ्ठावन्न मिनिटांची डुबकी

तरीही शंका होती. हे वारे फक्त ढगांच्या पातळ थरातले, उन्हाच्या जिवावरचे आहेत, की खोलवरून येणाऱ्या उष्णतेवर चालणारे? ऊन खोल पोचत नाही. वारे केवळ उन्हावर चालत असते, तर ढगांच्या खाली गेल्यावर ते मंदावायला हवेत. खालच्या उष्णतेवर चालत असतील तर खालीही ते तसेच जोरात असायला हवेत. हे तपासायचे म्हणजे गुरूत उतरायला हवे.

७ डिसेंबर १९९५ रोजी ते झाले. ‘गॅलिलिओ’ यानाने सोडलेली ३३९ किलो वजनाची एक कुपी सेकंदाला ४७ किलोमीटर या वेगाने गुरूच्या वातावरणात शिरली. या वेगाने मुंबईहून नागपूरला पोचायला पंधरा-सोळा सेकंद पुरतील! कुपीच्या उष्णतारोधक कवचाचा बराच भाग जळून गेला, वेग एकदम उतरला, हवाई छत्री उघडली, आणि कुपी हळूहळू खाली उतरत मापे पाठवू लागली. अठ्ठावन्न मिनिटे ती बोलत होती. सुमारे दीडशे किलोमीटर खोलीवर, आपल्या हवेच्या बावीस पट दाबाखाली आणि १५३ अंश तापमानात तिचा आवाज बंद झाला.

पण तेवढ्यात तिने हवे ते सांगितले होते. ढगांपाशी वाऱ्याचा वेग ताशी तीन-चारशे किलोमीटर होता. खाली जाताना तो कमी झाला नाही, उलट वाढून ताशी ६०० किलोमीटरच्या वर गेला आणि अखेरपर्यंत तसाच राहिला. ऊन पोचत नाही अशा काळोखातही वारा घोंघावतच होता.

ही एकाच जागेची बातमी होती, आणि ती जागाही योगायोगाने गुरूवरचा एक कोरडा, ढग विरळ असलेला टापू निघाली. सबंध ग्रहाचा निकाल लागायला आणखी दोन दशके जावी लागली. ‘जूनो’ हे यान ४ जुलै २०१६ रोजी गुरूभोवती फिरू लागले. गुरूच्या गुरुत्वाकर्षणातले सूक्ष्म चढउतार त्याने टिपले. आत कुठे किती वस्तुमान हलते आहे याचा पत्ता त्यातून लागतो. २०१८ साली निष्कर्ष जाहीर झाला. गुरूचे पट्टेदार वारे सुमारे ३,००० किलोमीटर खोलवर पोचलेले आहेत. पृथ्वीवरचे हवामान, म्हणजे ढग, पाऊस, वादळ, सारे मिळून दहा-पंधरा किलोमीटरच्या थरात आटोपते!

बाष्पाचे ओझे

आता प्रश्न असा की खालची उष्णता वर येते कशी आणि तिचे वादळ होते कसे? इथे आपल्या ओळखीचा एक पदार्थ मदतीला येतो. पाणी.

इडलीच्या भांड्याचे झाकण काढताना हाताला वाफ लागली, तर उकळत्या पाण्यापेक्षा तिचा चटका जास्त बसतो हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. कारण सोपे आहे. एक ग्रॅम गारढोण पाणी उकळीला आणायला १०० कॅलरी उष्णता लागते, पण त्या उकळत्या पाण्याची वाफ करायला आणखी ५४० कॅलरी लागतात. ही उष्णता वाफेत दडून बसते. वाफेचे पुन्हा पाणी झाले की ती बाहेर पडते. शाळेत आपण हिला अप्रकट उष्णता म्हणून शिकलो. समुद्राचे बाष्प वर जाऊन ढग होताना हीच उष्णता सुटते आणि चक्रीवादळाला बळ देते. ओडिशावर आदळलेले वादळ बंगालच्या उपसागराच्या कोमट पाण्यावरच पोसलेले होते.

गुरूवर समुद्र नाही, पण बाष्प आहे. वर दिसतात ते अमोनियाच्या बर्फाचे ढग, उणे १२० अंशांच्या आसपासचे. त्यांच्याखाली काही दशक किलोमीटरवर पाण्याचे ढग असतात. ‘जूनो’ने २०२० साली दिलेल्या मापांप्रमाणे गुरूच्या विषुववृत्ताजवळच्या हवेत दर हजार रेणूंमागे सुमारे अडीच रेणू पाण्याचे आहेत. खालून वर येणारा गरम वायू हे बाष्प घेऊन चढतो. थंड थरात त्याचे थेंब आणि बर्फ होतात, उष्णता सुटते, वायू आणखी वेगाने वर उसळतो. तिथे विजाही चमकतात. १९७९ साली ‘व्हॉयेजर १’ने गुरूच्या रात्रीच्या बाजूला त्या पाहिल्या. इतकेच नव्हे, तर तिथे गाराही पडतात, पाणी आणि अमोनिया यांच्या मिश्रणाच्या, लिबलिबीत गोळ्यांसारख्या, असे ‘जूनो’च्या शास्त्रज्ञांचे अनुमान आहे.

पण आपल्या आणि गुरूच्या बाष्पात एक मोठा फरक आहे. आपली हवा नायट्रोजन आणि ऑक्सिजनची. पाण्याचा रेणू त्यांच्यापेक्षा हलका, म्हणून आपल्याकडे दमट हवा सहज वर चढते. गुरू आणि शनी यांची हवा हायड्रोजन आणि हेलियम या सर्वांत हलक्या वायूंची. तिथे पाण्याचा रेणू म्हणजे धोंडाच! त्यामुळे दमट हवा जड होते आणि वर यायला सहजासहजी तयार होत नाही. प्रेशर कुकरच्या शिटीवर वजन ठेवावे तसे हे बाष्प खालची उष्णता दाबून धरते.

याचा परिणाम पाहायचा तर शनीकडे वळावे. शनी एरवी फिकट, शांत दिसतो. पण अधूनमधून त्याच्यावर अचानक एक प्रचंड पांढरे वादळ फुटते. १८७६, १९०३, १९३३, १९६०, १९९० आणि २०१० या साली अशी महावादळे दिसली. १९३३ सालचे वादळ प्रथम पाहिले ते विल हे नावाच्या इंग्लंडमधल्या एका विनोदी नटाने. त्याला दुर्बिणीचा छंद होता! ५ डिसेंबर २०१० रोजी ‘कॅसिनी’ यानाने अशाच एका वादळाची चाहूल टिपली. दोनएक महिन्यांत ते पसरत जाऊन सगळ्या ग्रहाला वळसा घालून आले. पुढे त्याच्या तोंडाने स्वतःचीच शेपटी गाठली, आणि २०११च्या ऑगस्टपर्यंत ते विरून गेले.

ही वादळे वीस-तीस वर्षांनीच का येतात? २०१५ साली चेंग ली आणि अँड्र्यू इंगरसॉल या शास्त्रज्ञांनी त्याचे उत्तर मांडले ते याच जड बाष्पाच्या आधारे. एकदा वादळ होऊन जड पाणी खाली पडले की वरचा थर कोरडा आणि हलका होतो. खालचा दमट थर जड. वरच्या हलक्याखाली खालचा जड, म्हणजे अगदी भक्कम मांडणी. वर-खाली होणे बंद. मग वरचा थर वर्षानुवर्षे अवकाशात उष्णता टाकत निवत राहतो. निवता निवता तो इतका जड होतो की एक दिवस खालच्या थराला झाकून ठेवणे त्याला जमत नाही. तो खाली घसरतो, आणि खाली कोंडलेला गरम, दमट वायू एकदम वर फुटतो. शिटी होते ती अशी, दोन-तीन दशकांतून एकदा.

लहानांच्या जिवावर मोठे

गुरूवर बाष्पाची वादळे सतत, पण लहान प्रमाणावर चालू असतात. शंभरएक किलोमीटरची ती उसळी. मग हजारो किलोमीटरचे भोवरे कुठून येतात?

‘जूनो’ने गुरूच्या ध्रुवांचे जे दर्शन घडवले ते पाहून शास्त्रज्ञही चकित झाले. उत्तर ध्रुवावर मध्ये एक चक्रीवादळ आणि त्याच्याभोवती आठ वादळांचे कडे. दक्षिण ध्रुवावर मध्ये एक आणि भोवती पाच. एकेकाचा व्यास ४,००० किलोमीटर आणि त्याहून जास्त. काश्मीर ते कन्याकुमारी आपला देश ३,२१४ किलोमीटर लांब आहे. म्हणजे सबंध भारत एका वादळात मावावा! आणि ही वादळे एकमेकांना खेटून असूनही वर्षानुवर्षे आपापली जागा धरून आहेत.

ही छायाचित्रे लिया सिगेलमन या समुद्रविज्ञानाच्या संशोधिकेने पाहिली. तिचा अभ्यास पृथ्वीवरच्या दक्षिण महासागराचा. सील जातीच्या प्राण्यांच्या अंगावर उपकरणे बसवून समुद्रातल्या लहान भोवऱ्यांचा माग तिने काढला होता. गुरूच्या ध्रुवावरची ढगांची नक्षी तिला ओळखीची वाटली. समुद्रात असेच तंतू, असेच भोवरे असतात! तिने आणि तिच्या सहकाऱ्यांनी ‘जूनो’च्या अवरक्त छायाचित्रांवरून ढगांची गती आणि जाडी यांचा हिशेब केला. २०२२ साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. गरम दमट वायूच्या शंभरएक किलोमीटरच्या उसळ्या आपली ऊर्जा मोठ्या भोवऱ्यांना देत राहतात आणि ध्रुवावरची महाकाय वादळे त्यावरच टिकून आहेत, असा त्याचा निष्कर्ष होता. पट्ट्यांतल्या वाऱ्यांविषयीही ‘गॅलिलिओ’च्या छायाचित्रांवरून पीटर गिराश, इंगरसॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०००मध्ये असेच मत मांडले होते.

पावसाळ्यात खिडकीच्या काचेवरचे थेंब पाहिलेत? दोन लहान थेंब भेटले की एक मोठा होतो. तो घरंगळत जाताना वाटेतल्या लहानग्यांना गिळून आणखी मोठा होतो. गुरूच्या भोवऱ्यांचे काहीसे असेच आहे. तो प्रसिद्ध लाल डागही आजूबाजूची लहान वादळे गिळताना दुर्बिणीत अनेकदा दिसला आहे.

ब्रेक नसलेली गाडी

इथवर इंधनाचा हिशेब झाला. पण एक कोडे अजून शिल्लक आहे. गुरूच्या वाऱ्यांना सूर्य आणि घरची उष्णता मिळून चौरस मीटरमागे चौदाएक वॅट मिळतात. आपल्याला २४०. मग वारे त्याचेच जास्त जोरात का?

नेपच्यूनकडे पाहिले तर कोडे आणखी अवघड होते. तो सूर्यापासून आपल्यापेक्षा तीस पट दूर. तिथे ऊन आपल्या नऊशेवा हिस्सा. घरची उष्णता धरूनही त्याची सारी मिळकत चौरस मीटरमागे एक वॅटसुद्धा नाही. तरी ऑगस्ट १९८९मध्ये ‘व्हॉयेजर २’ त्याच्याजवळून गेले तेव्हा तिथे वाऱ्याचा वेग ताशी २,००० किलोमीटरच्या घरात सापडला! आणि युरेनसच्या पोटातून तर फारच थोडी उष्णता बाहेर येते, तरीही त्याच्यावर ताशी ९०० किलोमीटरपर्यंत वारे वाहतात.

म्हणजे नुसत्या इंधनाने भागत नाही. गाडी किती वेगाने धावते हे जसे इंजिनावर अवलंबून असते, तसेच ब्रेकवरही. पृथ्वीवर वाऱ्याला ब्रेक फार. डोंगर, झाडे, घरे, समुद्राच्या लाटा, सारी त्याला अडवतात, त्याची शक्ती घासून खर्ची घालतात. ओडिशाचे वादळ जमिनीवर आले आणि मरू लागले ते दोन कारणांनी. खालून मिळणारे बाष्प तुटले, आणि जमिनीने त्याचे पाय धरले. गुरू, शनी, युरेनस आणि नेपच्यून यांना जमीनच नाही. खाली जावे तसा वायू दाट होत जातो, इतकेच. वादळाला आदळायला किनारा नाही, ठेचकाळायला डोंगर नाही. गुरूत सुमारे ३,००० किलोमीटर खाली दाबाने हायड्रोजन विजेचा वाहक बनू लागतो, आणि तिथे ग्रहाचे चुंबकत्व वाऱ्यांना आवर घालते. वरच्या थरात मात्र जवळजवळ मोकळे रान. थोडीशी ऊर्जा मिळत राहिली, तरी खर्च नाही म्हणून ती साठत जाते. कमी मिळकतीत टुकीने संसार करणाऱ्या घरात जशी शिल्लक साठते, तशी.

तर आपल्या प्रश्नाचे उत्तर असे. गुरूच्या वादळांना थोडे बळ सूर्य देतो, थोडे त्याच्या जन्मापासूनची धग देते. पाण्याचे बाष्प ती धग पाठीवर घेऊन वर येते. लहान वादळे ती मोठ्यांच्या हाती देतात. आणि मोठ्यांना थांबवणारे कोणी नसते.

असे असले तरी अमरपट्टा कोणालाच नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गुरूचा लाल डाग सुमारे ४०,००० किलोमीटर लांब होता. १९७९ साली ‘व्हॉयेजर’ यानांनी मोजला तेव्हा २३,००० किलोमीटर भरला. आता तो १६,००० किलोमीटरच्या आसपास आला आहे. २०२४ साली येल विद्यापीठातल्या संशोधकांनी संगणकावर त्याची प्रतिकृती चालवून पाहिली. लहान वादळांचा घास मिळत राहिला की डाग मोठा राहतो, घास तुटला की तो रोडावत जातो, असे त्यात दिसले. इतक्या मोठ्या वादळाचे जगणेही शेवटी लहानांवर अवलंबून आहे!

हे सगळे जाणून आपल्याला काय मिळते, असे कोणी विचारील. गुरूवर जे बाष्प वादळ उभे करते, तेच आपल्याकडे पाऊस आणते आणि तेच चक्रीवादळही आणते. समुद्र जितका तापेल तितके जास्त बाष्प वर जाईल, आणि वादळाला तितके जास्त बळ मिळेल. गुरूवर ही गोष्ट किनाऱ्याशिवाय, डोंगराशिवाय, शुद्ध स्वरूपात पाहायला मिळते. आपल्या समुद्राचा अभ्यास करणारीला गुरूचे कोडे उलगडता आले, तसे गुरूकडून शिकलेले आपल्या समुद्रासाठी कामी येईल. पुढच्या वेळी आकाशात तो शांत, पिवळसर ठिपका दिसला की घरातल्या मुलांना हाक मारून दाखवा, आणि सांगा की त्या शांततेच्या आत साडेचार अब्ज वर्षांपूर्वीची ऊब अजून वाऱ्यांना पळवते आहे.